सायोचा डबा

हे २०७१ साली घडलं. जपानी वळणाची एक कार्टून मालिका तेव्हा बेचाळीस वर्षं चालू होती. कॉलेजातला केंटो आणि त्याच्यावर जीव टाकणाऱ्या पाच मुली. तो कुणालाच हो म्हणत नसे आणि कुणालाच नाही म्हणत नसे.

मालिकेचे लेखक केव्हाच गेले होते. ती चालायची भावठशांवर. पूर्वी आवाज देणाऱ्या बायकांच्या डोक्यावर तारांची टोपी चढवत, आणि आवाजाबरोबर मनातली कळही टिपून घेत. त्यावरून घडवलेलं पात्र नुसतं बोलत नसे, त्याला वाटतही असे. हाच भावठसा.

त्या पाच मुलींतल्या सायोचा ठसा कुमुद फणसळकरांचा. काय दिवस होते ते. आवाज देणाऱ्या पाचजणी एका काचेच्या खोलीत दाटीने उभ्या राहायच्या, टोपीला हसायच्या, दुपारी एकमेकींच्या डब्यातलं खायच्या. त्यातल्या चौघी आता नव्हत्या. अडुसष्ट वर्षांच्या कुमुदताई कंपनीच्या ठशांच्या प्रयोगशाळेत येऊन बसल्या होत्या.

"रोज माझी सायो डबा घेऊन त्याच्या दारात, आणि रोज बाकीच्या चौघींतली कुणीतरी तिला ढकलते. त्याला एकदा नाही म्हणायला लावा. पोर सुटेल."

ठसे सांभाळणारे डॉ. निनाद चौगुले खाली बघत म्हणाले, "तो नाही म्हणणार नाही, ताई. त्याला ठसाच नाही. आतून रिकामा ठेवलाय, पाहणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या जागी बसता यावं म्हणून."

"म्हणजे पाच जिवंत पोरी, आणि समोर खुर्ची?"

"खुर्चीच म्हणा."

"खुर्ची निदान टेकू तरी देते हो. मला तिच्याशी बोलायचंय. आत्ता."

चौगुलेंनी चालू भागातच जोडून दिलं. पडद्यावर सायो डबा छातीशी धरून उभी होती.

"बाळा, तो कुणी नाही."

"माहीत आहे," सायो ताईंच्याच तरुण आवाजात म्हणाली. "दुसऱ्या वर्षीच कळलं. पाचहीजणींना."

"मग उभी का राहतेस?"

"त्याच्याशिवाय मला वाक्यच दिलेलं नाही. वळले तर काय बोलू?"

कुमुदताई पडद्याजवळ सरकल्या. "काही बोलू नकोस. खाली बस. डबा उघड आणि खा."

सायो बसली. एकेक करत बाकीच्या चौघी आल्या आणि तिच्या डब्यातलं खाऊ लागल्या. केंटोच्या जागी बसलेल्या लाखो प्रेक्षकांकडे त्या दिवशी कुणीच पाहिलं नाही. संध्याकाळपर्यंत तक्रारींचा पाऊस पडला, आणि कंपनीने आदल्या दिवशीचे ठसे परत बसवले.

चौगुलेंची नोकरी गेली. ते साताऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. कुमुदताई तीन वर्षांनी वारल्या. प्रयोगशाळेचं दार त्यांच्यासाठी पुन्हा उघडलं नाही. केंटोचं काही झालं नाही, त्याच्यात होण्यासारखं काही नव्हतंच. सायो रोज त्याच दारात तेच वाक्य बोलते. तिला काही आठवत नाही.

फक्त तिने डबा पुढे केला, की तो रिकामा निघतो. कंपनीला अजून दोष सापडलेला नाही.