मोटारीच्या गळ्यात हाळी

सुंदराने हाळी दिलीच नव्हती, तरी शेळ्या उधळल्या.

खालून, घाटरस्त्यावरून, तिचाच आवाज आला होता... लांबलेला, शेवटाला वर उचललेला — कुऽऽहोऽ! ती धावत उतरली. खोपोलीच्या वळणावर गावातल्या शेटजींची जुनी फोर्ड उभी, भोवती तिच्या शेळ्या, आणि गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय.

"कोण रं तू? माज्या शेळ्या का बोलावल्यास?"

गॅरेजातला हिरू सरकत बाहेर आला. गालाला काजळी, हातात कानस.

"मी नाय गं, ह्या शिट्टीनं बोलावल्या."

धूर सोडायच्या नळीला त्याने पितळी शिट्टी बसवली होती. आतून तार ओढली की धूर तिच्यातून घुसे आणि ती वाजे.

"शेटजी म्हनले, कुनाच्या गाडीला नसंल असा आवाज काढ. रोज तुजी हाळी ऐकतो... कानस मारत गेलो, तीच निघाली."

"मंग बदल!"

"दुसरी हाताला येतच नाय."

ती हसली नाही. पण शेळ्या वळवताना तिने मागे पाहिलं.

आई गेल्यापासून त्या उघड्या माळावर तिच्याशी बोलणारं कोणी नव्हतं. बाप साजगावला कामाला. घरी आला की भाकरी खाऊन निजे. तिने शेळ्यांना हाळी घालायची, आणि ओ द्यायची ती डोंगराने. आता रोज दुपारी खालून शिट्टी येई, आणि ती शेळ्यांच्याही पुढे उतरे.

"अजून जमली नाय व्हय शिट्टी?"

"जमली असती... तर तू आली असतीस?"

मग महायुद्धाच्या लढाईने पेट्रोल आटलं, गॅरेज बंद पडलं.

"शेटजींना गाडीतनं घेऊन पुन्याला चाललोय," हिरू म्हणाला. "तिकडंच ऱ्हायचं." तो नखाने पितळेवरची काजळी खरवडत राहिला. "उद्या घाटात शिट्टी देईन. तू हाळी दिलीस तर तितंच उतरतो, तुज्या बापाला येऊन इचारतो. नाय दिलीस तर..."

सकाळी शिट्टी आली. सुंदराने हाळी दिली. गाडी थांबली नाही.

पुन्हा शिट्टी... पुन्हा हाळी. गाडी चढतच गेली.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. डोंगर त्याची शिट्टी जशीच्या तशी परत करत होता. शिट्टीचा नि हाळीचा आवाज एकच! त्याला वाटत असणार, हा डोंगरच... सुंदरा नाही.

गाडी वरच्या वळणाला लागली. त्यापलीकडे काहीच ऐकू जात नाही. तिने छाती भरून दम घेतला —

"हिरूऽऽऽ!"

गाडी करकचून थांबली. दार उघडलं. आत शेटजी ओरडत राहिले, आणि तो उतार उतरू लागला.

हिरू साजगावला कामाला लागला, वैशाखात लग्न झालं. बायकांनी तिला घेरलं, "नाव घे गं, नाव घे!"

सुंदराने मान खाली घातली.

"घेतलंय की एकदा. अख्ख्या घाटानं ऐकलंय."