काचेवरच्या पापण्या

बसा. तुमच्या पेल्यांवर नावं कोरून देते, पण मनगट दुखतंय, वेळ लागेल. ती भिंतीकडे तोंड करून ठेवलेली काच मात्र विकायची नाही. तिला हातही लावू नका.

एक आजोबा घेऊन आले होते. त्यांच्याच खिडकीची काच. आजोबांची फिरतीची नोकरी, आणि बायको जन्मभर त्या खिडकीत वाट बघत बसलेली. ती गेली तेव्हाही आजोबा घरी नव्हते. डोळे उघडेच राहिले म्हणे.

"तिचा चेहरा कोरा," फोटो देत ते म्हणाले, "पण डोळे मिटलेले काढा, बाई. झोपू दे आता तिला."

एवढंच मागणं हो! आम्ही फोटो काचेखाली चिकटवतो आणि वरून रेघेवर रेघ ओढत जातो. हात चालतो, डोकं चालत नाही. त्यात मी दमलेली, पेंगुळलेली. भानावर आले तेव्हा डोळे कोरून झाले होते, फोटोतल्यासारखेच, टक्क उघडे.

काचेवर खोडरबर चालत नाही. गेलेला ओरखडा पुन्हा भरून येत नाही. कपाळावर हात मारला, डोळ्यांवरच बारीक घासून पापण्या केल्या आणि फोटो सोलून काढला. रेघा नीट दिसाव्यात म्हणून आम्ही काचेवर तोंडाची वाफ सोडतो, तशी सोडली. ओठांपाशी ती विरेचना. फडक्याने पुसली, तरी तशीच. पलीकडच्या बाजूने होती ती...

आजोबा काच बघून रडले. "झोपली एकदाची," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काच घेऊन परत हजर. रागावलेले नव्हते, नुसते थकलेले.

"बाई... हिने डोळे उघडलेत."

मी बोट फिरवलं. पापण्या घासल्या होत्या तिथे काच गुळगुळीत, नवी कोरी; खालचे कोरलेले डोळे मात्र जसेच्या तसे.

तेव्हापासून ती इथेच आहे. रोज पापण्या कोरते, रोज सकाळी डोळे उघडे. जीव नकोसा झालाय. संध्याकाळी आजोबा दारातूनच हळूच विचारतात, "झोपली का?"

"हो आजोबा, आत्ताच डोळा लागला."

मग ते निवांत घरी जातात. मी काच वळवून ठेवते.

जरा सरकवून बघता?... नको, राहू दे. कडेने वाकून बघा फक्त. भिंतीवर ओल दिसतेय ना, तिच्या ओठांसमोर? बाकी भिंत कोरडी ठणठणीत आहे.