वेळेचा रकाना

छत्रीची काडी मोडली नसती, तर मुंगीने त्या छत्रीदुरुस्तीच्या दुकानात पाऊलही टाकलं नसतं.

मुंगी हे तिचं ऑफिसातलं नाव. मणक्याला इजा होऊन पाय गेलेल्या माणसांना शोधायचं, वर्षातून चारदा भेटायचं आणि शंभर प्रश्न विचारायचे, हे तिचं काम. माणसं घर बदलत, फोन बदलत, कंटाळून दारच उघडत नसत. ही मात्र मुंगीसारखी माग काढत पोचायचीच. त्या दिवशी ती समोरच्या इमारतीचे तीन जिने चढून हात हलवत परत आली होती, त्यात पाऊस.

"तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ कुठे गेले हो?" तिने छत्रीवाल्याला विचारलं. "शिडीवरून पडून मणक्याला लागलं होतं ते?"

"पाय गेलेल्या माणसाला तुम्ही तिसऱ्या मजल्यावर शोधताय?"

तिने जीभ चावली. तो हसत काउंटरमागून बाहेर आला… व्हीलचेअरवरून.

"मीच तो. विचारा."

"रात्री झोप लागते?"

"झकास. तुम्हाला?"

"प्रश्न मी विचारते."

"मग लिहा – बाईंना राग छान येतो."

पुढच्या दोन्ही भेटींना तिची छत्री नेमकी मोडलेली होती. तिसऱ्यांदा त्याने काडी उजेडात धरली. "ही वाऱ्याने नाही, हाताने मोडलीय," तो हळूच म्हणाला. ती कानापर्यंत लाल झाली.

वर्ष संपत आलं. चाळीस माणसांचे चारही फॉर्म पूर्ण झाले, तरच पाहणी टिकणार होती. नाहीतर साऱ्या मेहनतीवर पाणी. एकोणचाळीस झाले होते. उरला होता तो. आणि तेव्हाच ऑफिसातल्या मॅडमनी त्याच्या फॉर्मांतल्या वेळेच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"बाकी सगळ्यांना पाऊण तास, आणि याला पावणेतीन? काय गं, याला मणके जास्त आहेत का?"

"छत्री दुरुस्त होत होती, मॅडम…"

"तिन्ही वेळा?" मॅडम हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "जवळच्या माणसाची मुलाखत आपण घेत नाही. तो खरं सांगत नाही, तुला आवडेल ते सांगतो. या वेळी आपल्या ऑफिसातले काका जातील."

ती हा निरोप घेऊन दुकानात गेली, तर त्याचा चेहराच उतरला.

"काकांना कशाला सांगू मी माझी दुखणी? नाव काढून टाका माझं." त्याने नजर वळवली. "कंटाळा आला असेल तर सरळ सांगा ना. लोक आधी रोज येतात, मग त्यांना कामं निघतात… सवय आहे मला."

त्याचा उरलेला फॉर्म तर ती विसरूनच गेली.

"नियम आहे – जवळच्या माणसाला प्रश्न विचारायचे नाहीत."

"कोण जवळचं?"

तिने पिशवीतून एक कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. 'मुलाखत घेणाऱ्याचे नाते' – पुढची जागा कोरी होती.

"कालपासून पेन घेऊन बसलेय," ती म्हणाली. "प्रेम लिहिलं तर… चालेल?"

त्याने कागद परत तिच्याकडे सरकवला. "अक्षर नीट काढा," तो म्हणाला, "आणि काकांना पाठवा."

काका आले. दार लागलं. ती बाहेर त्याच छत्रीखाली उभी राहिली. त्याची उत्तरं पहिल्यांदाच तिला कळणार नव्हती.

काका दोन तासांनी बाहेर आले. "फॉर्म पूर्ण झाला. बाकी काही सांगता येत नाही," म्हणत ते चालू लागले.

मागोमाग तो दारात आला. डोळे लाल.

"तुला तीनदा खोटं सांगितलं मी," तो म्हणाला. "झोप लागत नाही मला. पाठ रात्रभर जळते. पण तू समोर बसलीस की सगळं झकास आहे असंच सांगावंसं वाटायचं."

मॅडमचं म्हणणं खरं ठरलं होतं. आणि तो तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता.

"उद्या मागच्या तिन्ही फॉर्मांवर शेरा मारावा लागेल," ती डोळे पुसत म्हणाली.

"आणि आज?"

तिने छत्री मिटली, मनगटावरचं घड्याळ काढून पिशवीत टाकलं आणि त्याच्या शेजारी स्टूल ओढलं.

"आज मला सगळं सांग."