लपवलेलं नाव

नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर अजून टेबलंसुद्धा आली नव्हती. भर दुपारी मी आणि वायरमनकाका छताला वायफायची यंत्रं बसवत होतो. ओल्या रंगाच्या वासाने डोकं चढलं होतं. काम उरकल्यावर मी लॅपटॉप उघडला. आजूबाजूचे फोन कोणतं नेटवर्क शोधताहेत ते पाहायचं, ही आमची नेहमीची पद्धत.

एक फोन हाका मारत होता : ‘गच्चीवरचे दोघे’.

हे माझ्या घरच्या वायफायचं नाव. ते मी लपवून ठेवलेलं. धंद्याची खोड, दुसरं काय! “एवढं लपवायला आपल्याकडे आहे तरी काय?” म्हणून बायको हसली होती. लपवलेलं नाव फोनला आपोआप दिसत नाही, म्हणून तो जाईल तिथे त्या नावाने हाक मारत राहतो. हे नाव दोनच फोनांना ठाऊक होतं. माझा बंद होता. तिचा मला तिच्या अपघातानंतर हॉस्पिटलच्या पिशवीत मिळाला होता, तुकडे तुकडे झालेला.

“काका, तुमचा फोन चालू आहे?”

“खाली गाडीत राहिलाय. का हो, काय झालं?”

“काही नाही. तुम्ही चहा पिऊन या.”

ते गेले. मी डोक्यावरच्या यंत्राला तेच नाव दिलं, घरचा पासवर्ड घातला. फोन लगेच आला आणि परत फिरला. पासवर्ड जुळत नव्हता. पुन्हा आला, पुन्हा फिरला.

मग डोक्यात उजेड पडला. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदलायचा, हा आमचा नियम. ही गेली त्या संध्याकाळी, बाहेरच्या खोलीत नातेवाईक बसलेले असताना, मी घरचा पासवर्ड बदलला होता. हात आपसूक चालले होते.

म्हणजे इतके दिवस ती बाहेरच होती.

भीती वाटायला हवी होती. मला फक्त ती हवी होती.

मी जुना पासवर्ड टाकला.

जोडला गेला.

सिग्नल आधी अगदी क्षीण होता, जिन्यापलीकडून यावा तसा. मग वाढत गेला.

माझ्या लॅपटॉपच्या सिग्नलएवढा झाला आणि थांबला.

मी मान वर केली नाही. रंगाऱ्यांच्या फळीवर बसलो होतो, तिथेच जरा सरकून जागा केली.

शेजारी फळी हळूच वाकली.