सुरमय आणि लोखंड्या

बर्फाच्या डोंगरावर त्या दुपारी लोखंडी चिलखतातला एक गडी अस्वलाच्या पंजाखाली सापडला होता, आणि मरता मरता त्यानं सगळ्यांना दिसेल असं लिहिलं – ‘शिरा पडो तुझ्या तोंडार!’

देवगड स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत बसलेली दिव्या तारी इतक्या मोठ्यानं हसली, की शेजारी रेल्वेचं तिकीट काढायला आलेल्या काकी दचकल्या. कॅफे तिच्या बाबलीमामाचा. ती तिथं लोकांचे फॉर्म भरून द्यायची आणि काम नसलं की ‘अमरद्वीप’ खेळायची. हा कोरियात तयार झालेला ऑनलाइन खेळ. एकाच वेळी हजारो माणसं त्यात शिरायची. कुणी योद्धा व्हायचं, कुणी जादूगार. दिव्या तिथं वैदीण होती आणि नाव घेतलं होतं ‘सुरमय’. हिंदी, इंग्रजी, तमिळ तिनं तिथं रोज वाचली होती. पण मालवणी शिवी... तीही बर्फात?

सुरमय धावत गेली, अस्वलाला मंत्रानं झोपवलं आणि त्या गड्याला पुन्हा पायावर उभं केलं. त्याच्या डोक्यावर नाव तरंगत होतं – ‘लोखंड्या’.

‘खंयचो रे तू?’ तिनं लिहिलं.

लोखंड्या तिच्याकडे वळला. मग – ‘नांदगावचो. तुमी?’

‘कुणकेश्वर. माका तुमी म्हणा नको. मी तुझ्यापरास ल्हान असतलंय.’

‘चिलखतातसून वय दिसता?’

‘शिवयेतसून दिसता.’

दोन हजार सातचा श्रावण होता तो. बाहेर पाऊस पडत होता आणि होड्या अजून किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली झोपल्या होत्या. त्या दिवसापासून लोखंड्या रोज येऊ लागला. गप्पांच्या ओघात दिव्यानं त्याला आपलं खरं नाव आणि कॅफेचा ठिकाणाही सांगून टाकला.

मामा या खेळाला ‘रिकामटेकड्यांची जत्रा’ म्हणायचा. दिव्याला मात्र त्याचं अपार कौतुक होतं. दूर देशात कुणीतरी झाडाचं एकेक पान रंगवत बसलं होतं. बर्फ कुठल्या बाजूनं उडेल, ओसाड देवळातली घंटा कशी वाजेल, याचा कुणीतरी महिनोन् महिने विचार केला होता. कधी न पाहिलेल्या माणसांच्या आनंदासाठी माणसं एवढी खपतात, हे तिला फार मोठं वाटे. आणि त्या जगात शिलाँगची मुलगी, सुरतचा हिऱ्यांना पैलू पाडणारा कारागीर आणि कुणकेश्वरची दिव्या एकाच शेकोटीभोवती बसत. असं दुसरीकडे कुठं घडतं?

या मंडळींचा गट दिव्यानंच जमवला होता. नाव ठेवलं होतं ‘रापण’. इतर गटांत राक्षस मेला की त्याच्या खजिन्यावरून भांडणं जुंपत आणि ज्याचा जोर जास्त त्याचं फावे. दिव्यानं आपल्या बापाचा, सहदेव तारींचा, कायदा लावला. किनाऱ्यावर रापणीचं लांबलचक जाळं ओढताना जो कोणी दोरीला हात लावेल, त्याला मासळीचा वाटा मिळतो. वाटेनं जाणारा पाहुणा असला तरी. या कायद्यामुळे तिच्या गटात कधी तंटा झाला नाही आणि गट वाढतच गेला.

लोखंड्या गटात आला त्याच आठवड्यात समुद्रातला मोठा सर्प मारला गेला. खजिन्याची वाटणी झाली. त्याच्या वाट्याला निळ्या खड्याची अंगठी आली. सुरमयनं ती त्याच्या हातात ठेवली, आणि लोखंड्या जो खेळातून गेला तो पुढं कित्येक दिवस फिरकलाच नाही.

मग एका भरपावसात कॅफेच्या दारात एक उंच, सावळा मुलगा आला. छत्री मिटता मिटेना. दुसऱ्या हातात काजूगरांची पिशवी.

“दिव्या तारी हयच बसतत?”

“मीच. फॉर्म भरूचो आसा?”

“नाय...” त्यानं पिशवी छातीशी धरली. “मिया लोखंड्या. म्हणजे... रविराज राणे.”

दिव्या बघतच राहिली. चिलखतात तो फार रुंद दिसायचा. इथं पावसानं भिजलेला, मनगटावर शाळकरी पोरांच्या असतो तसला काळा दोरा बांधलेला आणि डोळे... डोळे बरे होते, हे तिनं मनातल्या मनात मान्य केलं.

“अंगठीचां सांगूक इलंय,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “घरात आयेक सांगलंय. ती म्हणाली, पोरगी कोणाची, खंयची, तां आधी बघून ये. घाई नको म्हणाली. पण माझी... ना नाय.”

दिव्याच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. पडला तशी ती टेबलावर डोकं ठेवून हसत सुटली.

“अरे मेल्या, ती तुका वाट्यात इली! सुरतवाल्याक बूट गेले, शिलाँगवालीक टोपी. तू दोरीक हात लावलंस म्हणान तुका अंगठी.”

“खंयची दोरी?”

रापण म्हणजे काय ते तिनं सांगितलं. नांदगावच्या भाता-काजूत वाढलेल्या पोरानं रापण कधी ओढलीच नव्हती. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होत त्यानं सगळं ऐकून घेतलं, पिशवी टेबलावर ठेवली आणि “येतंय” म्हणून तो निघाला. दिव्या अजून हसतच होती. समोर स्टँडवर पाठ करून उभा राहिलेला तो दिसला, तेव्हा कुठं तिचं हसू थांबलं. छत्री हातात तशीच होती. त्यानं ती उघडलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं खेळात विचारलं, ‘रागावलंस?’

‘नाय. पण परत असां काय समजूचंय नाय.’

आणि पठ्ठ्यानं शब्द पाळला. जरा जास्तच पाळला. कधी खताचं निमित्त, कधी आंब्याच्या पेट्यांचं. तो देवगडला यायचा आणि तिच्या शेजारच्या मशीनवर बसून खेळायचा.

“इतकी मशीनां रिकामी आसत. माझ्याच बाजूक कशाक बसतंस?”

“ह्या मशीनचो माऊस बरो आसा.”

त्या माऊसचं एक बटण महिनाभर बंद होतं. दिव्यानं तो मुद्दामच बदलला नाही. तो आला नाही की तिला दिवस अळणी लागायचा. तो आला की ती मामाला उगाच दोनदा चहा विचारायची. ती रविराजच्या प्रेमात पडली होती, अगदी पुरती. पण एकदा हसं झालेला माणूस पुन्हा तोंड कसा उघडणार? आणि हसली तर तीच होती. आता तिनं कुठल्या तोंडानं म्हणायचं की बाबा रे, पुन्हा एकदा तसंच समज?

माघात कंपनीचं पत्रक आलं. भारतात अमरद्वीप बंद होणार. खेळणारे होते, पण पैसे भरून खेळणारे थोडे होते. सुरतवाला तर रडकुंडीला आला. त्याच आठवड्यात कंपनीतल्या एका बाईंचा दिव्याला फोन आला. त्या आता नोकरी सोडून पुण्यात स्वतःचा खेळ उभा करत होत्या. “तुमच्या गटात कधीच भांडणं झाली नाहीत. कशी, ते आम्हाला शिकवायला याल? शिमगा झाला की लगेच.”

दिव्याला आकाश ठेंगणं झालं. ज्या जगाकडे ती इतके दिवस तोंडात बोट घालून बघत होती, ते घडवायला तिला बोलावलं होतं. सहदेव तारी म्हणाले, “पोरगी दर्यात जाणा नाय, पुण्याक जाता. मगे भिया कशाक?” रविराजला तिनं सांगितलं तेव्हा तो नुसतं “बरां झालां” म्हणाला आणि तुटक्या माऊसशी खेळत बसला.

आता खेळही जाणार होता आणि तीही. या दोन गोष्टी घडायच्या आत कुणी बोललं नाही, तर पुढं भेटायला निमित्तच उरणार नव्हतं.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला सर्व्हर बंद व्हायचा होता. सगळा गट खेळातल्या पांढऱ्या किनाऱ्यावर जमला. शिलाँगवालीनं फटाके उडवले. सुरतवाल्यानं आपले बूट पाण्यात सोडून दिले. सुरमय आणि लोखंड्या शेजारी शेजारी बसले होते, कॅफेतही आणि किनाऱ्यावरही. लोखंड्याच्या डोक्यावर ‘लिहीत आहे’ असं येत होतं, जात होतं, पुन्हा येत होतं. दिव्या ते बघत होती.

आणि लाईट गेली.

भारनियमनाची वेळ नव्हती ती. पण वेळ बघून जाईल ती कोकणातली लाईट कसली. मामा वैतागून वायरमनला शोधायला बाहेर पडला. कॅफेत दारातून येणारा उन्हाचा तुकडा तेवढा उरला.

“काय लिवत होतंस?” दिव्यानं विचारलं.

“काय नाय.”

“रविराज...”

तो काळ्या पडद्याकडे बघत राहिला. “जाव नको, असां लिवलंय. मगे पुसलंय. परत लिवलंय, परत पुसलंय. लाईट गेली तेवा पुसलेलांच होतां.”

दिव्यानं खुर्ची त्याच्याकडे वळवली. यावेळी तिला हसू आलं नाही.

“मगे आता मी सांगतंय. माका तू आवडतंस. आनी माका पुण्याकय जावचां आसा. दोनय खरां.”

तो वळला. पहिल्यांदाच त्यानं तिच्याकडे नीट, न चुकवता बघितलं.

“आनी... जाव नको म्हटलंय आसतंय तर?”

“तरीय गेलंय आसतंय. पण रडत.”

“मगे रडा नको.” तो म्हणाला. “तू जा. आंबो उतरलो काय मी येतंय तुका भेटाक. त्याच्याआधी आयेक घेवन तुझ्या बापाशीकडे जातंय. आता तरी... बरोबर समजलंय मां मी?”

“बरोबर,” ती म्हणाली.

लाईट आली तेव्हा पाच वाजून गेले होते. पंखा फिरू लागला, अमरद्वीप संपलेलं होतं. बाहेरून मामाची हाक आली, “गो दिव्या, मशीनां चालू कर!” ती उठली नाही. तिचा हात रविराजच्या हातात होता, आणि तो सोडवून घ्यायची तिला मुळीच घाई नव्हती.