गव्हासाठी गारगोटीचा विळा

"मावशी, गारगोटी लोखंडापेक्षा कठीण ना? मग एका ठोक्यात तिचे तुकडे कसे होतात?"

गोदाने विचारलं तशी अनसूमावशीने मान वर केली. कित्येक दिवस ती कुणाशी धड बोलली नव्हती. ती पदार्थशास्त्रज्ञ (वस्तू कशाच्या बनतात नि कशा मोडतात याचा अभ्यास करणारी) होती. धातुभक्षी जिवाणूंनी (धातू खाऊन जगणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांनी) जगभरचं लोखंड, तांबं, पितळ पोखरलं, तेव्हा तिच्या प्रयोगशाळेचाही भुगा झाला. मग ती पायी चालत दुधना नदीकाठी, बहिणीच्या घरी आली होती.

गावात एकही विळा उरला नव्हता. मागच्या वर्षी लोकांनी गहू हातांनी उपटला. वाळलेली काळी माती मुळं सोडेना. तळहात फाटले, दाणे भुईवर झडले. त्या उन्हाळ्यात अन्नावाचून गोदाचा धाकटा भाऊ किसन गेला. आता गहू पुन्हा पिवळा झाला होता आणि आभाळ भरून येत होतं.

गोदापुढे फुटक्या गारगोट्यांचा ढीग पडला होता. एकीलाही धार नव्हती.

"तू मधोमध मारतेस," मावशी म्हणाली. "लोखंडावर घाव घातला तर ते चेपतं. दगडाला चेपता येत नाही, म्हणून घावाचा जोर तडा होऊन आत धावतो. गारगोटीचे कण फार बारीक असतात. तड्याला वाटेत काही आडवं येत नाही, काचेत जातो तसा तो सरळ जातो. तू कडेपाशी मार. तिथला कोन काटकोनापेक्षा लहान हवा, म्हणजे पातळ कपची निघेल."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"काय उपयोग, असं वाटायचं गं."

गोदा मारत राहिली. अंगठा ठेचला. दुपारी अखेर एक लांबट कपची सुटली. तिने गव्हाच्या काडीला लावली तर काडी कापली गेली, आणि बोटही.

"नुसतं हातात धरून शेत कापता यायचं नाही. मूठ हवी, हाडाची," मावशी म्हणाली. "हाडात खनिज असतं, त्याने ते कठीण होतं. शिवाय चिवट तंतू (बारीक धागे) असतात, म्हणून ते सहज तडकत नाही. धार दगडाची, धक्का सोसायचा हाडाने."

"आपल्या पोवळ्याची बरगडी?" गोदाने भीत भीत विचारलं.

पोवळ्या म्हणजे त्यांचा बैल. तो हिवाळ्यात मेला होता. दारातून गोदाचे वडील, आबा, ओरडले, "त्याचं नाव काढू नका! किसनला नि त्याला याच हातांनी पुरलंय मी."

पहाटे गोदाला जाग आली तेव्हा आबा उकरून आणलेली बरगडी ओल्या हातांनी पुसत होते. त्यांनी ती तिच्यापुढे ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

बरगडी पाण्यात भिजवून गोदाने कपचीनेच तिच्या कडेला खाच कोरली. आणखी कपच्या काढून त्यांची पाती खाचेत ओळीने बसवली आणि राळ-मेण वितळवून घट्ट केली. कापताना एक पातं मोडलं. मावशीने राळ ऊन केली आणि मोडकं काढून नवं बसवलं. "एक गेलं तरी अख्खा विळा जात नाही," ती म्हणाली.

पण विळा एकच होता. आबा आणि आई आळीपाळीने कापत राहिले. बांधाकडचा एक पट्टा जेमतेम घरात आला आणि गारांचा मारा सुरू झाला. उरलेलं सगळं शेत आडवं झालं. आबा बांधावर भिजत बसून राहिले. गोदा त्यांच्याजवळ जाऊन बसली.

आईने आलेल्या गव्हातून आधी बियाणं बाजूला काढलं. खायला उरलं ते फार थोडं होतं.

दोन दिवसांनी पलीकडच्या वस्तीवरून दोन बाया आल्या. तिकडे गारा पडल्या नव्हत्या आणि त्यांचा गहू उशिरा पेरलेला, म्हणून अजून उभा होता. "तुमच्याकडं दगडाचा विळा हाय म्हणं?" त्यांनी विचारलं.

आबांनी अंगणात घोंगडी अंथरली.

"बसा. गारगोटी कुठं मारायची ते आमची गोदा दाखवील."