चौथ्या मजल्यावरचा पाना

बसा असे जवळ. परीक्षित, तो मोबाईल पालथा ठेव बाबा. ही गोष्ट आपल्या शिवदासची. एसी दुरुस्त करतो तोच, खेडचा. त्याला खोटं बोलायला जमत नाही, हे त्याच्या बायकोलाही ठाऊक आहे.

आखातातल्या हूऱ्यात एक जुनी सहा मजली बिल्डिंग आहे. तिचा वॉचमन संतोषसिंग, पिथौरागडचा, म्हणजे पार हिमालयातला. राहायचा गच्चीवरच्या खोलीत. शिवदास कामाला गेला की दोघं जिन्यात चहा प्यायचे, आणि संतोष गावचं सांगायचा. खाली काली नदी, पल्याड नेपाळ. मोटार थांबते तिथून पुढं चार तासांची चढण. बायका पाठीवर गवताचे भारे घेऊन ती चढतात. निम्म्या घरांना कुलपं, तरुण सगळे खाली उतरलेले. त्याची आई तेवढी वर. आणि एक रीत सांगायचा. चढताना वाटेत कुणी गेला, तर त्या जागी येणाऱ्या-जाणाऱ्यानं एक दगड ठेवायचा. न ठेवता ओलांडलं तर वाट सोडत नाही.

शिवदास हसायचा. "अरे, हा मुलूख भाकरीसारखा सपाट. इथं कसली चढण?"

"चढाई तो चढाई है, शिवदासभाई."

जानेवारीत लिफ्ट बंद पडली. संतोष कुणाचा तरी गॅस सिलिंडर खांद्यावर घेऊन निघाला. चौथ्या मजल्याच्या वळणावर दम खायला बसला, तो उठलाच नाही.

आईचं एकच मागणं होतं, माझं लेकरू घरी पाठवा. विमान अकरा तारखेच्या पहाटे चारचं. पण पासपोर्ट वरच्या खोलीत, ट्रंकेत. तो नसेल तर शवपेटी इथंच राहायची. म्हणून दहा तारखेच्या रात्री, पावणेबाराला, शिवदास चावी घेऊन जिना चढू लागला. खाली गाडीत कंपनीचा माणूस, साद, वाट बघत होता.

लिफ्ट बंदच. जिन्यात दिवे नाहीत. मोबाईलचा उजेड. पहिला मजला, दुसरा, तिसरा, चौथा. भिंतीवर रंगानं आकडे काढलेत तिथं. वळण ओलांडून तो सोळा पायऱ्या चढला. वर बघतो तर... चार.

मोजण्यात चुकलो, म्हणाला. पुन्हा चढला. चार.

मग उतरला. चार.

सादला फोन लागेना. हाका मारल्या. दारं ठोठावली. माणसं राहतात त्या दारांमागं, पोरांनो. एकही उघडलं नाही.

मग वरून आवाज आला. सिलिंडर पायरीवर टेकवल्यासारखा. ठण्. मग कुणाचा तरी श्वास, लांब. पुन्हा... ठण्.

हा चढला की तोही वर. हा थांबला की तोही थांबे.

गार वारा सुटला. ओल्या लाकडाचा वास. बॅटरी तीन टक्के.

शिवदास बसला. त्याच वळणावर. आणि तिथं त्याला ती रीत आठवली.

खिसे चाचपले. दगड कुठला? कमरेला पाना होता. वीस वर्षं वापरलेला, दुसऱ्यानं ढापू नये म्हणून कानशीनं नाव कोरलेला. तो कोपऱ्यात ठेवला. हात जोडले.

"संतोष, मला जाऊ दे. तुलापण जायचंय ना?"

...

उजेड गेला. अंधारात सोळा पायऱ्या. हात लावून बघितला आकडा.

पाच.

पासपोर्ट घेऊन तो उतरला, तेव्हा वळणावर पाना नव्हता. पेटी वेळेत गेली. आईनं लेकराचं तोंड बघितलं.

मे महिन्यात शिवदासला फोन आला. संतोषचा भाचा. गावाच्या वर खिंडीत दगडांचा ढीग आहे, पणजोबाच्या आधीचा. पावसानं थोडा ढासळला, तर तळाशी लोखंड दिसलं. त्यावरचं नाव त्याला वाचता आलं, हिंदी-मराठीची अक्षरं एकच ना. मामाच्या फोनमध्येही तेच नाव होतं.

फोटो मी बघितलाय. पाना तोच. त्याच्यावर दगडफूल धरलेलं, आपण मसाल्यात घालतो ना, ते. फक्त नावापुरतं खरवडलेलं.

शिवदासनं भाच्याला विचारलं, एवढं धरायला किती दिवस लागतात?

तो म्हणाला, "दिन नहीं, चाचा. साठ-सत्तर साल."